आर्काशों : कालवांना हवा आहे अंधार

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो शहरापासून साधारण 60 किलोमीटरवर, अटलांटिकचं पाणी जमिनीत शिरून आर्काशोंचा उपसागर तयार झाला आहे. भरतीच्या वेळी त्याचा पसारा सुमारे 155 चौरस किलोमीटर. ओहोटी लागली की बराचसा तळ उघडा पडतो आणि लोखंडी मांडवांवर ठेवलेल्या कालवांच्या पिशव्यांच्या रांगाच रांगा दिसू लागतात. पर्यटक येतात ते उपसागराच्या मुखाशी असलेली, शंभर मीटरहून उंच पिलाची वाळूची टेकडी पाहायला. पण आर्काशों कळायचं असेल तर ग्युजाँ-मेस्त्रासला जावं. तिथे सात छोटी बंदरं आहेत, कालववाल्यांच्या लाकडी खोपट्या आहेत आणि चुन्यात बुडवून वाळवलेली कौलं आहेत. उन्हाळ्यात ही कौलं पाण्यात ठेवली की कालवांची तरंगती पिल्लं त्यांवर येऊन चिकटतात. या बिजावर फ्रान्सच्या इतर किनाऱ्यांवरचे कालववालेही अवलंबून असतात.

या पाण्याने संकटं पाहिली आहेत. 1970 च्या सुमारास रोगाने इथली पोर्तुगीज कालवं संपली आणि जपानी जात आणावी लागली. पुढे 1977 ते 1981 या काळात बीज जवळपास धरेना, मोठ्या कालवांची कवचं वेडीवाकडी जाड होऊ लागली. कारण होतं बोटींच्या तळाला लावायच्या रंगातलं टीबीटी हे विष. 1982 मध्ये फ्रान्सने 25 मीटरपेक्षा लहान बोटींना हा रंग लावायला बंदी घातली आणि कौलांवर पुन्हा पिल्लं धरू लागली.

आता प्रश्न दिव्यांचा आहे. आर्काशोंच्या सागरी संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ कालवांच्या शिंपांवर हलके संवेदक चिकटवून त्यांची उघडझाप नोंदवतात. शिंपा उघडल्या तरच कालवाला श्वास घेता येतो आणि पाणी गाळून खाता येतं. त्याला डोळे नाहीत, तरी उजेड कळतो, आणि फार बारकाईने कळतो. एराकच्या धक्क्यापाशी ठेवलेल्या बारा कालवांवरून 2019 मध्ये दिसलं, की त्यांची उघडझाप चंद्राच्या कलांप्रमाणे बदलते. अर्धा चंद्र वाढता आहे की उतरता, यानेही फरक पडतो.

इतक्या मंद उजेडाने चालणाऱ्या जिवावर धक्क्यांवरचे आणि हॉटेलांचे दिवे रात्रभर पडले तर काय होईल? याच संशोधकांनी प्रयोगशाळेत कालवांना सात दिवस, रात्रीच्या वेळी 0.1 ते 25 लक्स एवढ्या प्रकाशात ठेवलं. 0.1 लक्स म्हणजे जेमतेम चांदण्याएवढा उजेड. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तेवढ्यानेही त्यांची दिवस-रात्रीची लय बिघडते. शरीरातलं घड्याळ चालवणाऱ्या जनुकांच्या कामातही फरक पडलेला आढळला. रस्त्यावरच्या दिव्याखाली याच्या कित्येक पट उजेड असतो.

फ्रान्समध्ये 27 डिसेंबर 2018 च्या आदेशाने समुद्राच्या पाण्यावर थेट झोत टाकायला, काही अपवाद सोडून, मनाई आहे. आर्काशोंने तो आदेश काटेकोरपणे पाळावा, आणि आधी धक्क्यांवर. टीबीटी चिखलात वर्षानुवर्षं मुरून राहिलं. दिव्याचं तसं नाही, बटण दाबलं की त्याचा उजेड त्याच क्षणी पाण्यावरून जातो. तुम्ही तिथे पाण्याकाठी खोली घेतलीत, तर झोपण्यापूर्वी समुद्राकडचा गॅलरीतला दिवा आठवणीने मालवा.