गिफ्ट कार्डात उरलेले पैसे बुडत नाहीत

दिवाळीला ऑफिसातून हजाराचं गिफ्ट कार्ड मिळतं. 860 रुपयांची खरेदी होते, 140 कार्डातच राहतात. मुदत संपली की ते गेलेच, असं समजून आपण कार्ड फेकतो. तसं करू नका.

आधी कार्ड उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचा. कार्ड कोणी काढलं, ते तिथे छापलेलं असतं. बँकेचं किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीचं नाव असेल, तर रिझर्व्ह बँकेचे 2021 चे निर्देश लागू होतात. फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारं कार्ड त्यांत येत नाही.

या निर्देशांनुसार गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त 10,000 रुपयांचं असतं. त्यातून रोख काढता येत नाही. तुमच्या संमतीने शिल्लक परत जाऊ शकते, पण ज्या खात्यातून कार्ड भरलं त्याच खात्यात, म्हणजे देणाऱ्याकडे. म्हणून मुदतीत असताना सोपा उपाय: बिल 600 झालं, तर कॅशियरला आधीच सांगा, ‘‘कार्डावरचे 140 घ्या, बाकीचे 460 यूपीआयने देतो.’’

मुदत किमान एक वर्षाची हवी. ती संपण्याआधीच्या 45 दिवसांत ग्राहकाला तसं कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. मुदत उलटल्यावरही किमान तीन वर्षं ही शिल्लक कंपनीला नफ्यात वळवता येत नाही आणि तुम्ही परतावा मागितलात तर तो बँक खात्यात द्यावा लागतो. मागणी ईमेलने करा: कार्डाचे शेवटचे चार अंक, शिल्लक, मुदतीची तारीख आणि तुमच्या खात्याचा तपशील. पिन आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही.

दुकानाच्या स्वतःच्या कार्डाबाबत ग्राहकाची बाजू लंगडी आहे. कॅलिफोर्नियात ठरावीक मर्यादेपेक्षा कमी शिल्लक रोख मागण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे; आपल्याकडेही तो हवा. तोवर कार्ड घेतानाच मुदत आणि अटी वाचा, आणि अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. रक्कम लहान म्हणून संकोचू नका. हे पैसे आधीच मोजून दिलेले आहेत. ते परत मिळायला मात्र मागावे लागतात.