श्माल्लेनबर्ग विषाणू : वाकडी कोकरं आणि चुकीचे समज

2011 च्या उन्हाळ्याअखेर जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या गाईंना ताप आला, दूध घटलं, काहींना हगवण लागली. थोड्याच दिवसांत त्या सावरल्या. नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या फ्रिडरिश-लोफ्लर संस्थेने श्माल्लेनबर्गच्या गाईंच्या रक्तात नवा विषाणू ओळखला. पुढे मेंढ्या व्यायला लागल्या, तेव्हा खरं नुकसान समोर आलं. पाय आखडलेली, मान मुरडलेली कोकरं. काहींची कवटी बाहेरून धड, आत मेंदूच्या जागी पाणी. असं कोकरू अडतं आणि सोडवताना कधी मेंढीही दगावते.

‘मेंढपाळानेच हयगय केली’ हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. घाव काही महिने आधीच बसलेला असतो. क्युलिकॉइड्स नावाची बारीक चिलटं गाभण मेंढीला चावतात आणि विषाणू वारेतून गर्भात उतरतो. मेंढीला साधारण दुसऱ्या महिन्यात लागण झाली, तर गर्भाचा घडत असलेला मेंदू आणि मज्जारज्जू नासतो. मग स्नायू हलत नाहीत आणि न हललेले सांधे तिथेच आखडतात. त्याआधी लागण झाली तर गर्भच जिरू शकतो. बऱ्याच नंतर झाली तर कोकरू बहुधा धड जन्मतं. म्हणजे लागण झालेली प्रत्येक मेंढी गाभ गमावते, हेही खरं नाही.

‘गाभडलेली मेंढी विकली की साथ थांबते’ असंही म्हणतात. पण हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याला थेट लागत नाही. शिवाय विण्याच्या वेळेपर्यंत आईच्या रक्तातून विषाणू गेलेला आणि प्रतिकारशक्ती आलेली असते. तिला विकणं म्हणजे कळपातलं सुरक्षित जनावर घालवणं. 2013 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये लस आली. ती फळवण्याआधीच टोचावी लागते.

एकदा येऊन गेला म्हणजे संपला, असंही नाही. कळपात नवी, लागण न झालेली जनावरं वाढली आणि 2016-17 मध्ये ब्रिटनमध्ये तो पुन्हा उसळला.

माणसाला धोका? जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये बाधित कळपांत वावरणाऱ्यांचं रक्त तपासलं, लागण सापडली नाही. मात्र हा दिलासा या एका विषाणूपुरताच. आपल्याकडे जनावर गाभडतं त्यामागे ब्रुसेला असू शकतो आणि तो माणसाला लागतो. त्यामुळे पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, गरोदर बाईला तिथून लांब ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलावून नमुना तपासणीला पाठवा.