चित्रांतील वीर आणि रणांगणावरील वीर

चित्रगृहांत एखादा युद्धपट चालू असतां नायक तोफांच्या धुरांतून धांवत सुटला कीं बहुतेक प्रेक्षक टाळ्या वाजवितात. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. आम्हींही वाजविल्या आहेत. परंतु तें शौर्य पडद्यापर्यंत कसें पोंचतें, हें एकदां पाहण्यासारखें आहे.

आधीं एक रंगचित्र घेऊं. इ. स. १७५९ मध्यें क्वेबेकच्या लढाईंत जनरल वुल्फ हा इंग्रज सेनापति पडला. अकरा वर्षांनीं बेंजामिन वेस्ट यानें तो प्रसंग रंगविला. मरणोन्मुख वुल्फभोंवतीं अधिकाऱ्यांचा मेळावा, मागें निशाण, वर काळे ढग! येशूला क्रूसावरून उतरविल्याच्या जुन्या धर्मचित्रांची ठेवणच चित्रकारानें उचलली आहे. वस्तुतः वुल्फच्या अंतकाळीं जवळ मोजकींच माणसें होतीं. चित्रांतील बहुतेक मंडळी तेव्हां तेथें नव्हती. गंमत अशी कीं, त्या काळीं आक्षेप निघाला तो मुख्यतः वीरांस प्राचीन वस्त्रांऐवजीं चालू काळचे लष्करी पोषाख चढविले यावर!

पुढें चलच्चित्रें आलीं, आणि यंत्राचा डोळा खोटें बोलणार नाहीं असें लोकांस वाटूं लागलें. १९१६ च्या ऑगस्टांत ‘बॅटल ऑफ दि सोम’ हा मूकपट इंग्लंडांत दाखविण्यांत आला. जेफ्री मॅलिन्स व जॉन मॅक्डॉवेल यांनीं तो फ्रान्सच्या रणभूमीवर टिपला होता, व ती लढाई अद्याप चालूच होती. सहा आठवड्यांत सुमारें दोन कोटि तिकिटें खपलीं असें सांगतात. आपला मुलगा, आपला भाऊ कोठें दिसतो काय, म्हणून लोक पडद्याकडे टक लावून बसत.

त्यांतील सर्वांत गाजलेला प्रसंग असा: शिपाई खंदकांतून वर चढून शत्रूवर चालून जातात, आणि एक जण चढतां चढतांच मागें घसरून पडतो. हा प्रसंग मात्र आघाडीच्या मागें, शिक्षणाच्या तळावर मुद्दाम करवून घेतलेला होता, असें पुढें तपासांत ठरलें. याला केवळ लबाडी म्हणून भागणार नाहीं. त्या वेळचा कॅमेरा जड. तो तिवईवर ठेवून हातानें दांडा फिरवावयाचा. गोळ्यांच्या माऱ्यांत तो उघड्यावर मांडून उभा राहणारा मनुष्य वांचता ना. खरा हल्ला टिपला आहे तो दुरून, आणि त्यांत माणसें मुंग्यांएवढीं दिसतात. १ जुलै १९१६ या पहिल्याच दिवशीं १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले; तें मरण त्या ठिपक्यांत कोणास दिसणार?

आमच्या मतें त्या मूकपटांतील खरा वीर निराळाच आहे. एक शिपाई जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन अरुंद खंदकांतून येतो. क्षणभर त्याची दृष्टि थेट आपल्याकडे वळते. मुद्रेवर आवेश नाहीं, थकवा आहे. हें दृश्य खरें आहे. पाठीवरचा मनुष्य अर्ध्या तासांत मरण पावला, असें पडद्यावरील अक्षरें सांगतात. त्याला वाहून आणणाऱ्याचें नांव मात्र आजवर निश्चित झालेलें नाहीं; तो आमचाच, असें अनेक कुटुंबांनीं सांगितलें आहे.