एकाकी स्वर, चार वादक

एकाकीपणाचे गाणे एकट्यानेच गावे, असा सर्वसाधारण समज आहे. सोव्हिएत संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांनी मात्र ते चार वादकांच्या स्वाधीन केले. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठी त्यांनी रचलेले पंधरावे आणि अखेरचे क्वार्टेट मे १९७४ मध्ये पूर्ण झाले. तेव्हा त्यांचे वय ६७ होते. हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेले होते आणि उजवा हात दुबळा होत चालला होता.

या रचनेचे सहाही भाग 'अदाजियो' म्हणजे संथ लयीत आहेत आणि ते सलग वाजतात. विलंबितानंतर द्रुताची वाट पाहणाऱ्या कानाला इथे अखेरपर्यंत सुटका नाही. दुसऱ्या भागाचे नाव 'सेरेनेड', म्हणजे प्रियेच्या खिडकीखाली गावयाचे गीत. परंतु त्याच्या प्रारंभी एकेक स्वर अस्फुटपणे उमटतो, किंकाळीएवढा वाढतो आणि तुटतो. तोच आकांत मग दुसरे वाद्य उचलते.

१९३६ मध्ये 'प्राव्दा'ने शोस्ताकोविच यांच्या ऑपेरावर झोड उठविली. १९४८ मध्ये पक्षाच्या ठरावानंतर त्यांची अध्यापनाची पदे गेली. पुढे १९६० मध्ये ते त्याच पक्षात दाखल झाले. इतरांनी लिहून दिलेली भाषणे जाहीर सभांत वाचणाऱ्या या माणसाला स्वतःचे बोलण्यासाठी चार वाद्यांची ही लहानशी खोली उरली होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

परंतु त्या खोलीतही सोबत्यांवाचून निभाव नव्हता. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतची त्यांची सर्व क्वार्टेट 'बीथोवेन क्वार्टेट' या वादकसंचाने प्रथम सादर केली होती. अकरा ते चौदा ही चार त्यांनी त्यातील चौघांना एकेक अर्पण केली. पंधरावे कोणालाच अर्पण केलेले नाही. चौदावे ज्यांना अर्पण केले, ते चेलोवादक सर्गेई शिरीन्स्की ऑक्टोबर १९७४ मध्ये निवर्तले आणि १५ नोव्हेंबर रोजी लेनिनग्राडमध्ये पहिले वादन 'तानेयेव क्वार्टेट'ला करावे लागले. पुढील वर्षी, ९ ऑगस्ट १९७५ रोजी, शोस्ताकोविचही गेले.

क्वार्टेटला संचालक नसतो. शेजाऱ्याचा श्वास ऐकूनच प्रत्येकाला आपला स्वर लावावा लागतो. मृत्यूच्या छायेतील इतके एकाकी संगीतही अशा परस्परांच्या ऐकण्यावाचून उभे राहत नाही. एकाकी माणसाला सांत्वनाचे शब्द पुष्कळ मिळतात; त्याला हवा असतो तो असा ऐकणारा शेजारी.