कोपीलाही दार हवे

दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातले कोयते ट्रॅक्टरमध्ये संसार भरून साखरपट्ट्यात उतरतात. पुढचे पाच-सहा महिने कोपीत जातात. त्यात आपल्या समाजाचीही कितीतरी घरे आहेत. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग जागोजागी धुराडी उभी राहिली, रस्ते आले, कॉलेजे आली. कोपी मात्र होती तशीच राहिली.

बांबूच्या कांब्या वाकवायच्या, वर चटया नि प्लॅस्टिक टाकायचे, झाली कोपी. आत वाकूनच शिरायचे. नवरा-बायको पहाटे अंधारात फडावर जातात, मागे लेकरे राहतात आणि कोपीला दार नसते. आयाबहिणी अंघोळ उरकतात ती अंधार धरून. संडासाचे तर विचारूच नका.

सिमेंटच्या खोल्या बांधा, असे आमचे म्हणणे नाही. हंगाम संपला की तळ उठतो. शिवाय बैलगाडीवाल्याला बैल नजरेसमोर लागतात, तो चाळीत राहणार कसा? आम्ही काही कार्यकर्ते गेल्या हंगामात तळांवर हिंडलो, तेव्हा बायकांनी घर मागितले नाही. आधी मागितली आतून कडी लागणारी न्हाणी, मग दिवा.

काम फार अवघड नाही. नटबोल्टने जोडायचा लोखंडी पाइपांचा सांगाडा, उभे राहता येईल एवढा उंच. वर पत्रा, पत्र्याखाली थोडी जागा सोडून चटई, म्हणजे ऊन नि थंडी दोन्ही कमी लागतात. जमीन वीतभर उंच, दाराला कुलूप, चूल बाहेरच्या आडोशाला, कारण चटई आणि पाचट पेटायला एक ठिणगी पुरते. चार-पाच कोप्यांमागे न्हाणी, संडास, नळ. हंगाम सरला की सगळे सोडवून कारखान्याच्या गोदामात ठेवायचे.

पैसा कुठून आणायचा? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेबांच्या काळात, १९४४ साली, कोळशावर कर बसवून खाणकामगारांसाठी निधी उभा झाला. त्यात घरांचाही खर्च धरला होता. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे ५० लाख झाले. एवढ्यात किती न्हाण्या होतील, हिशेब कारकुनालाही जमेल!

उचल घेण्याआधी मुकादमाकडून दार, न्हाणी, दिवा आणि पाणी कागदावर लिहून घ्या. बोलणीला घरातली बाई सोबत असू द्या. कोयत्याचा अर्धा भाग तिचाच असतो.