प्रेसनोट पाठवली, पण बातमी कुठंय?

काही वर्षांपूर्वी आमच्या उर्दू शाळेच्या स्नेहसंमेलनाची दोन पानी प्रेसनोट मी लिहिली. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन, आभार, सगळी नावं मानाप्रमाणे. छापून आल्या तीन ओळी. रागानं वार्ताहराला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, ह्यात बातमी कुठंय?"

बातमी होती, पण माझ्या शेवटच्या परिच्छेदात. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या चार मुली घरी शिलाई करत, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी पास झाल्या होत्या. त्यांचा सत्कार मी एका वाक्यात उरकला होता!

ह्या कामाचा एक पूर्ण व्यवसाय आहे, जनसंपर्क. आयव्ही ली हे अमेरिकेतले त्याचे एक आद्य जाणकार, आधी स्वतः बातमीदार. 1906 मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा कंपनीच्या वतीनं त्यांनी स्वतःहून लेखी माहिती वर्तमानपत्रांना दिली. पहिली प्रेसनोट म्हणून बऱ्याचदा तिचंच नाव घेतात. त्याच वर्षी त्यांनी संपादकांना कळवलं होतं, की आमचं काम उघड आहे आणि ही जाहिरात नाही. आपल्याकडे मात्र अजून "छापायचे किती?" असं विचारणारे भेटतात. पैसे देऊन येते ती जाहिरात, भाऊ.

तर पहिल्या दोन वाक्यांत कोण, काय, कुठं, कधी हे यायला हवं. पाहुण्यांची नावं खाली. मजकूर टाइप करून पाठवा. लेटरहेडचा फोटो पाठवला तर डेस्कवर कुणीतरी सगळं पुन्हा टाइप करत बसणार, कशाला बसेल? फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो छपाईला फुटतो. फोटोत डावीकडून कोण कोण ते लिहा. आणि कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी, पानं लागायच्या आधी.

आपल्या लोकांची एक खास चूक सांगते. उर्दू अखबारला पाठवलेल्या नोटचाच तरजुमा आपण मराठी पेपरला देतो. उर्दू वाचकाला शाळा, मोहल्ला, संस्था माहीत असते. मराठी वाचकाला ती कुठं आहे, किती वर्षांची आहे, कोणाची मुलं शिकतात हे सांगावं लागतं. ‘जलसा-ए-तक्सीमे-इनामात’ लिहिलं तर त्याला कळत नाही, ‘बक्षीस वितरण’ लिहा. शिवाय वार्ताहराची ओळख आधीपासून ठेवा. गावात काही तणाव झाल्यावरच आपण त्याला शोधतो, मग आपली बाजू छापायला तो आपल्याला ओळखणार कसा?

ज्यांची बातमी आहे त्यांना आधी विचारा. त्या चौघींपैकी एकीच्या अब्बांनी नाव-फोटो नको म्हटलं. मी तिचं नाव काढलं, तिघींची गोष्ट नव्यानं दीड पानाऐवजी बारा ओळींत लिहिली. आठवड्यानं जिल्हा पानावर आली, फोटोसकट.