तार कुठवर न्यायची

ऑगस्ट २०२५, दापोली तालुका. गणपती आठवड्यावर आलेत.

सकाळी ६.००

रात्रभर पाऊस होता. चहाच्या आधी लॅपटॉप उघडतो. आमची ब्रॉडबँड सेवा छोटी आहे, पण तिचं मुख्य यंत्र, ओएलटी, प्रत्येक घरातल्या ओएनयूची, म्हणजे आमच्या डब्याची, खबर ठेवतं. घरातली वीज गेली, तर ओएनयू विझता विझता एक शेवटचा निरोप पाठवतो. तार तुटली, तर तोही येत नाही. खालच्या वाडीतून निरोप आलेत, म्हणजे तिथे फक्त वीज नाही. खाडीकडच्या वाडीतली घरं मात्र एकाच मिनिटाला, निरोप न देता गेली आहेत. तिथे तार तुटली.

फोन सुरू होतात. "दादा, लाल लाईट लागलाय." मग त्याच वाडीतले एक काका दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून विचारतात, "टॉवर तर समोर उभा दिसतोय, मग रेंज कशी गेली?" त्या टॉवरलाही फायबरच जाते, आणि ती आमच्याच रस्त्याने जाते. दोघांची तार एकाच ठिकाणी तुटली असणार.

७.३०

ओटीडीआर तारेत प्रकाशाचा झोत सोडतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून तूट किती अंतरावर आहे ते सांगतो. त्याने दाखवलेल्या वळणावर फणसाची मोठी फांदी पडलेली आहे आणि दोन्ही केबली तिच्याखाली आहेत. टॉवरवाल्यांची माणसंही पोचली आहेत.

गाडीच्या मागे ताडपत्री बांधून स्प्लायसिंग सुरू करतो. काचेचा धागा १२५ मायक्रॉनचा, आणि प्रकाश जातो तो त्याच्या आतल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने टोक सरळ कापायचं. मग मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणतं आणि ठिणगीने वितळवून जोडतं. पडद्यावर लॉस ०.०२ डेसिबल येतो. जॉइंट बॉक्सचं झाकण मात्र मी स्वतः घट्ट करतो. आत ओल शिरली की दुखणं महिनाभराने वर येतं.

आमची घरं आणि शेजारचा टॉवर जवळपास बरोबरच सुरू होतात. लोक मला विचारतात, फायबर घेऊ, फाइव्ह-जी घेऊ, की सॅटेलाइटची वाट बघू? या फांदीखाली उत्तराची सुरुवात आहे. टॉवरमागे तार असते. सॅटेलाइटशी बोलणारं जमिनीवरचं केंद्रही तारेनेच जगाशी जोडलेलं असतं. एकाला तार घरातल्या डब्यापर्यंत लागते, दुसऱ्याला टॉवरपर्यंत, तिसऱ्याला दूरच्या केंद्रापर्यंत. तुमच्या घरासाठी तार कुठवर न्यायची आणि पुढचं कुठून हवेवर सोडायचं, एवढंच ठरवायचं असतं.

१०.००

मधल्या वाडीत पुण्याहून एक ताई आल्या आहेत. गणपती करून महिनाभर इथूनच काम करायचं आहे. त्यांच्या फोनवर आत्ता फाइव्ह-जीचा वेग उत्तम दिसतो. "मग तारेचा खटाटोप कशाला?" असं त्या विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे.

मी त्यांना हीच चाचणी रात्री नऊला आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी करायला सांगतो. टॉवरची क्षमता त्याच्याखाली येणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते, आणि चाकरमानी आले की गावची वस्ती दुपटीने वाढते. वाटणी फायबरमध्येही आहे. जीपॉनमध्ये, म्हणजे आमच्या फायबरच्या पद्धतीत, २.५ गिगाबिटचा एक प्रवाह आमच्याकडे ३२ घरांत वाटला जातो. पण ती ३२ घरं कोणती, हे मला पाठ आहे. टॉवरखाली उद्या किती फोन येतील, ते कुणाच्याच हातात नाही.

दुसरी गोष्ट अपलोडची. फाइव्ह-जीच्या ज्या पट्ट्यात वेग मिळतो, तिथे उतरत्या आणि चढत्या माहितीला आळीपाळीने वेळ दिला जातो, आणि मोठा वाटा उतरत्या बाजूला जातो. दिवसभर व्हिडिओ मीटिंग असणाऱ्याला चढती बाजूही तितकीच लागते. मोठ्या कंपन्यांच्या योजनांत महिन्याची मर्यादाही वेगळी असते. फायबरला ३,३०० जीबी आणि एअर फायबरला, म्हणजे फाइव्ह-जीने घरात येणाऱ्या जोडणीला, १,००० जीबी, असे आकडे नेहमी दिसतात.

आमचा पोल त्यांच्या गडग्याला लागूनच आहे. ड्रॉप केबल ओढतो, घरात पोचणाऱ्या प्रकाशाचं रीडिंग उणे १९ डीबीएम येतं. उणे २७च्या खाली गेलं की जोडणी डळमळते, म्हणजे इथे पुरेसा वाव आहे. राउटरला आणि ओएनयूला छोटा यूपीएस लावून देतो. मोबाइलचं सिम अडीअडचणीला ठेवा, असंही सांगतो. दोन वेगळ्या वाटा असणं महिनाभर काम करणाऱ्याला परवडतं.

दुपारी १२.१५

समुद्राकडच्या बाजूला एक बंगला आहे. मालक मे महिन्यात आणि दिवाळीत येतात. त्यांना फायबर हवी आहे, पण शेवटच्या पोलपासून बंगला एक किलोमीटरवर आहे. मध्ये जांभा आहे, तिथे पोलचा प्रत्येक खड्डा फोडून काढावा लागतो. गच्चीवर जातो. समोरच्या टेकडीवरचा टॉवर स्वच्छ दिसतो, मध्ये झाड नाही.

"काका, तुम्ही एअर फायबर घ्या," मी सांगतो. ते चकित होतात, कारण मी फायबरवाला. पण जिथे टॉवर नजरेसमोर आहे आणि वापर वर्षातून थोडा आहे, तिथे गच्चीवर बसवलेला फाइव्ह-जीचा डबाच योग्य. एकच काळजी घ्यायची. आपल्याकडे फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा आहे आणि ओली पानं या लहरी बऱ्याच शोषतात. उन्हाळ्यात बसवलेला डबा पावसाळ्यात मंदावला, तर आधी मधे वाढलेली फांदी बघावी.

२.३०

सड्यापलीकडच्या घळीतली वाडी. घरं मोजकी, आणि जिल्हा परिषदेची शाळा. फायबर नाही, टॉवर डोंगराआड. गुरुजी विचारतात, "आता सॅटेलाइट येणार ना?"

जूनमध्ये स्टारलिंक या सॅटेलाइट इंटरनेट कंपनीला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला आणि जुलैत अंतराळ क्षेत्राच्या नियामक इन-स्पेसची मंजुरी. डिश अजून विक्रीला आलेली नाही. तरी गुरुजींना नीट समजावून सांगतो. बँकांच्या गच्चीवरच्या जुन्या पद्धतीच्या तबकड्या ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलतात. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसंच येतं. प्रकाशाच्या वेगानेही त्यात जवळपास अर्धा सेकंद जातो, आणि समोरासमोरच्या बोलण्यात तो खटकतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा उशीर जाणवेनासा होतो. पण ते सतत सरकत असतात, म्हणून डिशला मोकळं आकाश हवं. नारळी-पोफळीने वेढलेल्या घरात ती उंच खांबावरच चढवावी लागेल. तिला अखंड वीज लागते, नेहमीच्या मॉडेलला ७५ ते १०० वॅट, म्हणजे इन्व्हर्टरचा हिशेब बदलतो. आणि जोराच्या पावसाचे थेंब उपग्रहाच्या लहरी अडवतात. कोकणातल्या जुलैत ही बाब किरकोळ नाही.

शाळेमागच्या टेपावर चढून बघतो. आमचा शेवटचा पोल सड्याच्या कडेला दिसतो. तिथून ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ दुवा शाळेपर्यंत टाकता येईल. या पट्ट्याला २०१८ पासून वेगळा परवाना लागत नाही. दोन्ही टोकांनी एकमेकांना बघितलं पाहिजे, एवढीच अट, आणि ती इथे पुरी होते. शाळेतून वाडीतल्या घरांना साधी केबल नेता येईल. गुरुजी लगेच मुलांना मोजायला लावतात, कुठलं घर किती पावलांवर.

५.००

ग्रामपंचायतीत सरपंच ताईंशी बसतो. २०११ मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची राष्ट्रीय योजना मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात तार कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालेल. आज सकाळची फांदी आठवून मी आग्रह धरतो, आपल्या गावातही दुसरी वाट ठेवा. रस्ता खोदणार असाल तेव्हाच रिकामा पाइप टाकून ठेवा.

ताई ३ जून २०२०ची आठवण काढतात. निसर्ग वादळात वीज, टॉवर, तार, सगळंच गेलं होतं. "तशा वेळी काय?" तशा दिवसासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात बॅटरीवर चालणारी एक सॅटेलाइट डिश हवी, असं मी म्हणतो. पोल मोडले, टॉवर झोपला, तरी तिला फक्त आकाश आणि बॅटरी लागते. ज्यासाठी ती बनली आहे, तिथे तिच्याइतकं दुसरं काही नाही.

रात्री ८.३०

आलेखावर भार चढतोय, क्रिकेट आणि मालिका एकदम सुरू आहेत. सकाळचा जोड व्यवस्थित आहे. माझ्यासोबत काम शिकणारा मुलगा विचारतो, गिऱ्हाइकाला पहिल्यांदा काय विचारायचं? मी त्याला वहीत लिहायला लावतो. जवळचा पोल किती दूर? टॉवर दिसतो का, पावसाळ्यातही दिसतो का? आकाश मोकळं आहे का? वीज किती वेळ जाते? घरात कोण काम करतं, कोण शिकतं? योजनेचा वेग यानंतर बघायचा.

उद्याच्या यादीत शाळेचा रेडिओ दुवा पहिला लिहितो. तिथून आम्हाला फार पैसे मिळणार नाहीत. पण त्या वाडीतल्या मुलांना नवा उपग्रह येईपर्यंत थांबायला सांगणं मला मान्य नाही. आपली तार जिथवर पोचली आहे, तिथून पुढचा मार्ग शोधणं हे माझं काम आहे, आणि तो मार्ग आज सापडला आहे.